बेळगाव भागात राहून माध्यम-निर्मितीची कामे महाविद्यालयात प्रत्यक्ष हाताने शिकता येतात का?

आपण विचारले आहे की, खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून शिकून कला शाखेतून पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) पूर्ण केल्यावर कॅमेरा, ध्वनिमुद्रण, संकलन आणि थेट प्रक्षेपण ही कामे हाताने करायला लावणारे महाविद्यालय बेळगावात शोधावे की सरळ पुणे गाठावे, आणि घरी लॅपटॉप नसताना हे सारे जमेल का. मी बेळगावातच पत्रकारिता हा विषय घेऊन पदवी घेतली असून सध्या व्याख्याने, संमेलने आणि मुलाखती यांच्या ध्वनिमुद्रणाचे व संकलनाचे काम करतो. माझे मत असे की, पदवीची वर्षे बेळगावात काढावीत आणि त्या काळात कॅमेऱ्याच्या आधी आवाजाचे काम शिकून घ्यावे.

महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकातील स्टुडिओच्या छायाचित्रांना फारसे महत्त्व देऊ नये. कॅमेरे किती आहेत, यापेक्षा ते कपाटाबाहेर कितीदा येतात आणि कोणाच्या हाती दिले जातात, हे महत्त्वाचे असते. विभागात साहित्य देण्या-घेण्याची नोंदवही असते. ती पाहायला मागावी आणि त्यात विद्यार्थ्यांची नावे आहेत की केवळ प्राध्यापकांची व वार्षिक स्नेहसंमेलनाची, एवढे पाहावे. दुसरी चौकशी अशी करावी की, विद्यार्थ्यांचे काम ठरलेल्या तारखेला बाहेर कुठे जाते का. प्रायोगिक वृत्तपत्र असो, महिन्याचे ध्वनिपत्र असो किंवा रेडिओवरचा अर्धा तास असो, ठरल्या वेळी काम पूर्ण करून द्यावे लागते तिथेच हात बसतो. केवळ गुणांसाठी केलेली चित्रफीत परीक्षकाखेरीज कोणी पाहत नाही आणि तिच्यातील उणीवा विद्यार्थ्याला कोणी दाखवून देत नाही. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली असल्याने हाताशी वेळ मोजकाच असतो, म्हणून ही चौकशी प्रवेशाआधीच करावी.

बेळगावात केएलई संस्थेचे ‘वेणुध्वनी’ हे ९०.४ मेगाहर्ट्झवरचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, आणि अशा केंद्रांचे नियम शिकाऊ माणसाच्या सोयीचे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्र सरकारने २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालवण्याची मुभा दिली. प्रक्षेपणाची शक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंतच ठेवायची असल्याने आवाज काही किलोमीटरच्या परिसरापुरता पोहोचतो, परंतु निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत आणि शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत, अशी अपेक्षा धोरणातच नोंदवलेली आहे. स्वतःचे बातमीपत्र अशा केंद्राला देता येत नाही. मात्र भातशेती, आरोग्य, लोकगीते, बाजारहाट, महिला बचत गट अशा विषयांवरचे कार्यक्रम त्यांना सतत लागतात. महाविद्यालयाचे रेडिओ केंद्राशी काही संधान नसले, तरी दोन-तीन नमुना मुलाखती नीट संकलित करून केंद्राच्या कार्यालयात स्वतः घेऊन जाण्यात संकोच करू नये.

आवाज आधी का, याचे कारण खर्चाचे आहे आणि कानाचेही आहे. थोडे हललेले चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण शब्द कळत नसतील तर तो पुढे सरकतो. आपल्याकडच्या गावांतील बहुतेक ध्वनिमुद्रण मंगलोरी कौलांच्या किंवा पत्र्याच्या छपराखाली, नागड्या भिंतींच्या सभागृहात होते आणि तिथे घुमारा, म्हणजे भिंती-छपरावर आपटून परत येणारा आवाज, हा खरा शत्रू असतो. बोलणाऱ्यापासून माईकचे अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो, मात्र खोलीतला घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे महाग माईक दहा फुटांवर ठेवण्यापेक्षा साधा तारेचा कॉलर माईक छातीवर, हनुवटीपासून वीतभर अंतरावर लावणे केव्हाही चांगले. ध्वनिमुद्रणाचा नमुनादर (सॅम्पल रेट) ४८ किलोहर्ट्झ ठेवावा, बोलण्यातील सर्वांत मोठा आवाज पातळी-मापकावर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी ठेवावी, आणि मुद्रण चालू असेपर्यंत हेडफोन कानावरून काढू नये. पंखा बंद करायला सांगण्याची भीड अनेकांना वाटते. ती पहिल्याच दिवशी सोडावी. मुलाखत संपल्यावर सर्वांना गप्प बसवून त्याच खोलीतील शांतता अर्धा-एक मिनिट मुद्रित करून घ्यावी, कारण संकलनात दोन वाक्ये जोडताना मध्ये हीच शांतता भरावी लागते आणि ती नसेल तर जोड कानाला लगेच जाणवतो.

हे सारे आपल्या फोनवरही करता येते. फोन विमान-मोडवर टाकावा, म्हणजे मध्येच कोणाचा दूरध्वनी येणार नाही. चित्रीकरण करताना एक तांत्रिक गोष्ट मात्र पाळावी: भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट व बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि फोनचे मूळ सेटिंग बहुधा सेकंदाला ३० चौकटींचे (फ्रेमचे) असते, तेव्हा सभागृहात चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसू लागतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला की ही तक्रार बहुतेक ठिकाणी मिटते. कॅमेऱ्याविषयी बाकीचे प्राध्यापक सांगतीलच.

लॅपटॉपविषयी थोडक्यात सांगायचे तर, पहिल्या वर्षात तो नसला तरी चालते. ऑडॅसिटी हे ध्वनिसंकलनाचे मोफत सॉफ्टवेअर महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील जुन्या यंत्रावरही चालते, आणि आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात अशा मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीत आणि कन्नडमध्येही ऐकायला मिळतात. चित्रसंकलनासाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह पुरेसे आहे. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम असली तरी तिला दमदार ग्राफिक कार्ड लागते, त्यामुळे तिच्यापायी कर्ज काढू नये. स्वतःचा एक पेन ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क मात्र अवश्य घ्यावी, कारण संगणक कक्षातील यंत्रे केव्हा पुसली जातील याचा नेम नसतो.

आता सीमाभागातील विद्यार्थ्याला जे पुण्यातल्या विद्यार्थ्यापाशी सहसा नसते, त्याकडे येतो. आपल्याला मराठी येते, कन्नड बाजारात आणि बसमध्ये कानावर पडून समजते, आणि अभ्यासापुरते इंग्रजीही येते. एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत कन्नडमधून घेऊन तिचे मराठी उपशीर्षक देणे, किंवा मराठी व्याख्यानाला कन्नड उपशीर्षक देणे, हे काम नेटकेपणाने करणारी माणसे मला स्वतःला शोधूनही पटकन मिळत नाहीत. त्यासाठी दोन्ही लिप्यांचे टंकलेखन युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, आले पाहिजे. आपल्याकडची डीटीपीची दुकाने अजूनही श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटवर काम करतात. त्या फाँटमधील मजकूर छापील पत्रिकेत व्यवस्थित दिसतो, पण तोच संकेतस्थळावर किंवा उपशीर्षकाच्या फाइलमध्ये टाकला की निरर्थक अक्षरांची रांग उमटते, कारण आत साठवलेले संकेत देवनागरीचे नसतातच. कन्नड टंकलेखनाच्या ‘नुडी’ या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत टंकलेल्या मजकुराचेही तेच होते. म्हणून इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. त्यात भारतीय लिप्यांची मांडणी एकसारखी असल्याने देवनागरीत ‘क’ जिथे आहे तिथेच कन्नडचा ‘क’ सापडतो आणि एका लिपीचा सराव दुसरीला उपयोगी पडतो. उपशीर्षकाची एसआरटी फाइल (वेळेसह मजकूर साठवणारी साधी फाइल) यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीतच जतन करावी. ॲडोबीच्या प्रीमियर या चित्रसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटत असतील, तर प्राधान्यक्रमात जाऊन टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावे. केवळ या एका पर्यायाअभावी ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मोडक्या रूपात पडद्यावर गेलेले मी अनेक चित्रफितींत पाहिले आहे.

सरावासाठी आपल्या भागाइतकी समृद्ध जागा शोधूनही सापडणार नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरे येथे गावपातळीवर मराठी साहित्य संमेलने भरतात. दिवसभराचे परिसंवाद, कविसंमेलन, ग्रंथदिंडी असा सगळा ऐवज एकाच ठिकाणी मिळतो आणि संयोजकांना ध्वनिमुद्रण हवेच असते. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ही याच्या अगदी उलट परीक्षा आहे, कारण ढोल-ताशांच्या गजरात बोलणाऱ्याचा आवाज वेगळा काढणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. तिथले निवेदन आपण नंतर शांत खोलीत मुद्रित करतो. थेट प्रक्षेपण शिकायचे असेल तर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून आधी महाविद्यालयातील एखादे व्याख्यान दाखवावे. ज्या जागेवरून प्रक्षेपण करायचे, तिथला अपलोडचा वेग आदल्या दिवशी त्याच वेळेला मोजावा आणि त्याच्या निम्म्याच वेगावर प्रक्षेपण ठेवावे, कारण गर्दी जमली की मोबाइलचा मनोरा तुंबतो. ७२० रेषांच्या (७२०पी) चित्राला अडीच ते चार एमबीपीएस पुरतात. गावातून १०८० चा हट्ट धरू नये. शिवाय प्रक्षेपण चालू असतानाच आपल्या संगणकावर कार्यक्रमाचे रेकॉर्डिंगही चालू ठेवावे, म्हणजे जोडणी तुटली तरी कार्यक्रम हाती राहतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस लक्षात घेता एक सूचना करावीशी वाटते: महाविद्यालयाचा कॅमेरा सुटीत घरी न्यायला मिळाला, तर तो कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. भिंगावर एकदा बुरशी चढली की ती काढायचा खर्च विभागाला परवडत नाही, आणि मग ते साहित्य पुढच्या तुकडीला दिलेच जात नाही.

पुण्याचे म्हणाल तर, तिथे जाण्याला माझा विरोध नाही. फक्त ते पदव्युत्तर टप्प्यावर ठेवावे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि धारवाडला कर्नाटक विद्यापीठात वृत्तपत्रविद्या व जनसंवादाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि ही दोन्ही शहरे आपल्याला पुण्याच्या मानाने फारच जवळची आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अल्प मुदतीचे अभ्यासक्रमही होत असतात, ते सुटीत करता येतात. पदवीचा प्रवेश घेताना विभागप्रमुखांना एवढे मात्र अवश्य विचारावे की, पत्रकारितेची उत्तरपत्रिका आणि प्रकल्प मराठीतून लिहू देतात का. बहुतेक ठिकाणी इंग्रजी किंवा कन्नड यांतूनच लिहावे लागते. तसे असेल तर इंग्रजी पारिभाषिक शब्दांची वही पहिल्या सत्रापासून ठेवावी, आणि मराठीतले काम रेडिओसाठी व संमेलनांसाठी स्वतंत्रपणे करत राहावे.