‘मोबाईलवर बसतो की दोन तास!’

"मोबाईल दिला की दोन तास जागचा हलत नाही मॅडम. आणि गणिताची वही उघडली की पाच मिनिटांत तहान, शू, पेन्सिलीला टोक. याला कसला आलाय एडीएचडी? नाटकं आहेत सगळी."

अथर्वची आई हे एका दमात बोलली. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. शाळेने ‘एकदा दाखवून घ्या’ म्हणून चिठ्ठी दिलेली. आजीचं म्हणणं, मुलगे असेच असतात. वडील शेजारी बसून स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत होते, तासाभरात ती तीनदा खाली पडली. मी मुलाकडे बघत होते, किल्लीकडे माझं लक्ष जरा उशिराच गेलं.

आईचा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की राग यायचा तो एडीएचडी या नावाचाच येतो: अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्षाची कमतरता आणि अतिचंचलता. ‘लक्षाची कमतरता’ असं कुणी म्हटलं की लोकांना वाटतं, लक्ष मुळातच नाही. लक्ष असतं की, पण ते हवं तिथे नेऊन टिकवता येत नाही. गेममध्ये दर दोन सेकंदांनी नाणं वाजतं, पुढची लेव्हल उघडते. भागाकाराचं बक्षीस मिळणार पंधरा दिवसांनी, युनिट टेस्टमध्ये. एवढ्या लांबच्या गोष्टीसाठी मेंदूने आत्ता तयारीत राहावं, यात डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांचा मोठा वाटा असतो, आणि या मुलांमध्ये त्यांचं गणित वेगळं चालतं. त्यामुळे मोबाईलवर बसतो म्हणजे एडीएचडी नाही, असं होत नाही. मोबाईल कमी करायचाच, पण तो झोपेसाठी.

निदान मी करत नाही, माझं काम सल्ला देण्याचं. त्यांना बालमनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. याला रक्ताची तपासणी नसते की स्कॅन नसतो. लक्षणं किमान सहा महिने हवीत, बारा वर्षांच्या आधीपासूनची हवीत, आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. म्हणून बाईंकडूनही प्रश्नावली भरून घेतली. कान, डोळे आणि वाचनलेखनातली अडचणही तपासली, कारण धडा वाचताच येत नसेल तर कुणीही चुळबुळ करेल.

निदान झालं आणि आई घाबरली ती गोळीला. "पोरगं गुंगीत राहील. सवय लागेल." त्या गोळीतलं मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध आहे, गुंगीचं नव्हे. मूल मलूल, गप्पगप्प वाटलं तर बहुधा डोस चुकलाय, डॉक्टरांना लगेच सांगायचं. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. सांगितलेल्या डोसात, देखरेखीखाली घेतली तर व्यसनाची भीती फारशी नसते. गैरवापर होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. खरा त्रास भुकेचा. डबा तसाच परत येतो. म्हणून सकाळी आधी पोटभर पोहे, मग गोळी, आणि दर भेटीला वजन, उंची, नाडी, रक्तदाब.

गोळीने शिस्त मात्र येत नाही. ते काम आमचं. सकाळी त्या घरात एकच वाक्य ओरडलं जायचं: "दप्तर भर, डबा घे, बूट घाल, आणि ती बाटली कुठाय?" त्याच्यापर्यंत फक्त बाटली पोचायची. मी म्हटलं, स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच गोष्ट सांगा, झाली की लगेच शाबासकी. शाबासकी संध्याकाळवर ठेवली की ती त्याच्यासाठी शिळी. अभ्यास दहा-दहा मिनिटांचा. वर्गात बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं आणि वह्या गोळा करायचं काम दिलं. उठायचंच आहे ना, मग कामासाठी ऊठ!

चौथ्या भेटीला वडील एकटेच आले. इलेक्ट्रिकची कामं घेतात. रात्री दोनला कुणाची लाईट गेली तर हे हजर, पण तीन महिन्यांची बिलं करायची राहिलेली. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं स्वतःचं चौथीचं प्रगतिपुस्तक काढलं, आईच्या ट्रंकेतून शोधून आणलेलं. शेऱ्यात गुरुजींनी लिहिलं होतं: ‘बुद्धी चांगली. चंचल. वस्तू हरवतो.’

"मला आयुष्यभर आळशीच म्हणाले मॅडम. मीही तेच समजत होतो."

एडीएचडी घराण्यात चालतो, अनुवंशाचा वाटा मोठा असतो. पोराच्या निमित्ताने बापाचं निदान होणं नवलाचं नाही. मोठेपणी पळापळ कमी होते, आतली चुळबुळ आणि विसराळूपणा उरतो. त्यांनाही मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि ते प्रगतिपुस्तक तिथे फार उपयोगी पडलं.

आता बिलं रोज रात्री जेवणाआधी, एका वेळी दोनच. बायको शेजारी बसते, पण बोलत नाही, असं ठरलंय. किल्लीला दाराशेजारी खिळा ठोकलाय. त्यावर ती असते, बहुतेक वेळा. अथर्वने त्या खिळ्याखाली स्केचपेनने बाण काढलाय आणि लिहिलंय, ‘पप्पा, इथे!’