प्रश्न: फिल्टर प्रेसमधून (कापडांमध्ये दाबून पाणी गाळणाऱ्या यंत्रातून) काढलेला ईटीपीचा (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राचा) गाळ ओलाच राहतो. वीज आणि कंपन वापरून त्यातलं पाणी काढता येतं म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, पण ते प्रेसऐवजी नव्हे, प्रेसनंतर करायचं काम आहे. मी याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रेसमधून पडलेला केक, म्हणजे दाबलेल्या गाळाची वडी, दिसायला कोरडा असतो. मुठीत घेऊन मळून बघा, बोटांना चिकट लगदा लागेल. बारीक कणांमधल्या फटी इतक्या अरुंद असतात की नुसता दाब वाढवून भागत नाही. फट निम्मी झाली की त्याच दाबाला तिच्यातलं पाणी पाव वेगाने सरकतं. विजेला मात्र फटीच्या रुंदीचं फारसं सोयरसुतक नसतं. गाळाच्या कणांवर सहसा ऋण भार असतो, त्यामुळे लगतच्या पाण्यात धन आयन गोळा होतात. दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) सोडला की ते कॅथोडकडे, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडकडे, निघतात आणि पाण्यालाही ओढून नेतात. मॉस्कोत रॉइस यांनी १८०९ मध्येच चिकणमातीवर हे दाखवलं होतं.

मग कंपन कशाला? ॲनोडकडचा (धन इलेक्ट्रोडकडचा) केक आधी सुकतो, आक्रसतो, त्याला भेगा पडतात आणि वीज पुढे जाईनाशी होते. त्यात इलेक्ट्रोडवर वायूचे बुडबुडे. हलवत राहिलं की कण पुन्हा नीट बसतात, बुडबुडे सुटतात. अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेने १९८० च्या दशकात वीज आणि ध्वनिकंपन एकत्र वापरून पाहिलं ते यासाठीच. मात्र कंपन फार तीव्र झालं तर गाळ बांधायला घातलेल्या पॉलिमरने धरलेले फ्लॉक (कणांचे पुंजके) फुटतात आणि गाळ आणखी हट्टी होतो.

फायदा कुठे, ते बघा. एक टन केकमध्ये ८० टक्के पाणी असेल तर कोरडा माल २०० किलो. पाणी ६० टक्क्यांवर आणलं की एकूण वजन ५०० किलो उरतं, म्हणजे उचलायला निम्माच गाळ. हेच पाणी वाफ करून घालवायचं तर किलोमागे किमान ०.६३ युनिट लागतात, शिवाय ड्रायरमधला अपव्यय वेगळा. इथे पाणी पाणी म्हणूनच निघतं, म्हणून खर्च कमी.

तुमचं सांडपाणी डाइंगचं (कापड रंगवण्याचं) वगैरे असेल, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जास्त असेल, तर नाद सोडा. वीज मिठातूनच वाहते, केक तापतो, मीटर पळतो आणि पाणी जागचं हलत नाही. ॲनोड साधा लोखंडाचा चालत नाही, गंजून जातो. ऑक्साइडचा लेप दिलेलं टायटॅनियम लागतं, ते महाग. कॅथोडकडून येणारं पाणी अल्कधर्मी असतं, ते परत ईटीपीतच घ्यावं लागतं.

मशीन बघायला जाण्याआधी जार टेस्ट करून (भांड्यांत वेगवेगळे डोस घालून बघून) पॉलिमरचा डोस तपासा आणि प्रेसची कापडं धुऊन घ्या. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी दुखणं तिथेच होतं. तरीही केक ओला राहिला तर विक्रेत्याला स्वतःचा गाळ द्या आणि एकच आकडा लेखी मागा: काढलेल्या प्रत्येक किलो पाण्यामागे किती युनिट? त्याच्या डेमोतल्या गाळाचा आकडा तुमच्या काही कामाचा नाही.