पीएचडीचं गणित अडलं, म्हणजे आपण कमी पडलो?

‘दोन वर्षं झाली, हाती काही नाही. माझ्यात ती कुवतच नाही का?’

पीएचडी करणारी मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतच असतात. गणितवाल्यांच्या बाबतीत तो जरा जास्त हट्टी असतो. रसायनशास्त्राच्या मुलाचा प्रयोग फसला तरी संध्याकाळी धुवायला काचेची भांडी असतात, वहीत आकडे असतात. गणितवाल्याचा दिवस फसला की टेबलावर फक्त खोडलेले कागद. दिवसभर काय केलंस, असं घरी कुणी विचारलं तर दाखवायचं काय?

तिला मी इथे मुक्ता म्हणते. तिच्या परवानगीने लिहितेय; नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत, आणि ती गोव्यात कुठल्या संस्थेत शिकते तेही सांगत नाही. घर सत्तरी तालुक्यातलं, वडील मराठी शाळेतून निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक. भर पावसात दोन बस बदलून पणजीला माझ्याकडे आली. छत्री दाराबाहेर उघडीच ठेवली आणि आत येऊन बसताना पहिलं वाक्य म्हणाली, “मॅडम, मला सोडायचंय. फक्त बाबांना कसं सांगायचं ते सांगा.”

नेटची परीक्षा झाली होती, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली होती. दरमहा ३७,००० रुपये. दोन वर्षं पूर्ण झाली की मूल्यमापन होतं, त्यात कमिटीने होकार दिला तर एसआरएफ, म्हणजे पुढची वरची शिष्यवृत्ती, ४२,०००. ते मूल्यमापन तीन महिन्यांवर आलं होतं, आणि जे सिद्ध करायला घेतलं होतं ते चौदा महिने जागचं हललं नव्हतं.

झोप, जेवण, जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार, हे मी सरळ शब्दांत विचारतेच. झोप तुटत होती, बाकी ठीक होतं. (तसा विचार मनात येत असेल तर भेटीच्या वेळेची वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.)

आता माझी चूक. मी तिला वेळापत्रक करून दिलं. सकाळी तीन तास, दुपारी दोन, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि जमलं त्या दिवशी कॅलेंडरवर बरोबरची खूण. बारावीच्या आणि नेटच्या मुलांना मी हेच देते, त्यांना उपयोगही होतो. दोन आठवड्यांनी मुक्ता परत आली, कॅलेंडर माझ्यापुढे ठेवलं. बाराच्या बारा दिवस खुणा. चेहरा मात्र पहिल्यापेक्षा उतरलेला.

“बाराही दिवस ठरल्याप्रमाणे बसले मॅडम. बाराही दिवस काही झालं नाही. आधी वाटायचं, मी नीट बसत नाही म्हणून होत नाही. आता तेही म्हणता येत नाही.”

तिची शेवटची सबब मीच काढून घेतली होती. परीक्षेच्या गणिताला पुस्तकाच्या मागे उत्तर असतं, जास्त तास बसलं की त्याच्या जवळ जाता येतं. हिच्या गणिताला उत्तर आहे की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. ते ती पहिल्या दिवसापासून सांगत होती, मी ऐकलं नव्हतं.

म्हणून म्हटलं, मला समजावून सांग. मला दहावीनंतरचं गणित येत नाही, हेही सांगितलं. कागद शोधू लागली, तर समोर माझं लाइट बिल होतं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने ठिपके काढले, ठिपके रेघांनी जोडले, काही ठिपक्यांभोवती गोल केले. “हे पहारेकरी. प्रत्येक ठिपक्याशेजारी एक तरी पहारेकरी हवा. कमीत कमी किती लागतील?” इतकं मला कळलं. पुढचं नाही. पण माझं लक्ष कागदापेक्षा तिच्याकडे होतं. मधेच ती बोलायची थांबली, एक रेघ खोडली, दुसरी काढली, परत खोडली. तीन-चार मिनिटं मी त्या खोलीत आहे हे ती विसरली होती.

‘मला सोडायचंय’ असं म्हणणाऱ्या माणसाचा हात असा चालत नाही. खरंच सोडायला आलेला एक मुलगा माझ्याकडे होता. काम चांगलं झालेल्या दिवशीही त्याला त्यात रस वाटत नव्हता. तो बाहेर पडला, हल्ली शाळेत शिकवतो, मजेत आहे. त्याला थांब म्हणणं चुकीचं ठरलं असतं.

मी मुक्ताला विचारलं, “हे तुझ्या गाइड सरांना शेवटचं कधी दाखवलंस?”

बराच वेळ गप्प. मग, “सात आठवडे झाले.” सर खडूस वगैरे मुळीच नव्हते. हीच त्यांना टाळत होती, डिपार्टमेंटात मागच्या जिन्याने ये-जा करत होती. काहीतरी बरोबर आल्यावर जायचं, रिकाम्या हाताने कसं जाणार?

“रिकामा कुठे? फसलेले प्रयत्न किती आहेत?”

“तीन मोठे. बारीकसारीक मोजले नाहीत.”

मग तिनेच, का कोण जाणे, केम्प नावाच्या गणितज्ञाची गोष्ट काढली. शेजारचे दोन प्रदेश एका रंगाचे येऊ न देता नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे त्याने १८७९ साली सिद्ध केलं, सगळ्यांनी मानलं. अकरा वर्षांनी, १८९० मध्ये, हीवुड या दुसऱ्या गणितज्ञाने त्यातली चूक दाखवली. मी विचारलं, मग केम्पचं काय झालं? “काही नाही. त्याचीच युक्ती वापरून हीवुडने पाच रंग पुरतात हे सिद्ध केलं. आम्हाला अजून शिकवतात ती युक्ती.” आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी मधे बोलले नाही.

ठरलं एवढंच: एक पान. तीन प्रयत्न, आणि प्रत्येक कुठल्या पायरीवर मोडला ते. आणि पुढच्या जिन्याने जायचं.

वडिलांना एकदा बोलावलं. साधा माणूस. म्हणाले, गणेशचवथीला घर भरतं आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीखाली, बसलेलं कुणीतरी विचारतंच, “गो, तुजें शिकप केन्ना सोंपतलें?” (तुझं शिक्षण कधी संपणार?) तिच्या आधी बाबाच उत्तर देतात, लवकरच होईल. कारण मुलगी करते काय, हे त्यांना माहीत नाही. वर तिला धीर द्यायला सांगतात, दामोदर कोसंबी बघ, आपल्या गोव्यात जन्मलेला माणूस गणितात कुठे पोचला! यावर मुक्ता फटकन म्हणाली, “बाबा, कोसंबींनी पीएचडी केलीच नव्हती. हार्वर्डची पदवी घेतली १९२९ साली, तेवढीच.” तिघेही हसलो. माझ्या खोलीत ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

‘लवकरच होईल’ऐवजी ‘चाललंय तिचं’ म्हणा, असं मी त्यांना सुचवलं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं दिलेली आहेत, त्यावर वाढीची सोयही आहे, हे ऐकून त्यांना मुलीपेक्षा जास्त हायसं वाटलं. मास्तर माणूस, सरकारी कागदावर विश्वास.

सरांनी ते पान दोनदा वाचलं म्हणे. दुसरा प्रयत्न जिथे मोडतो तिथे चित्रात बंद वाट, म्हणजे फिरून त्याच ठिपक्यावर येणारी वाट, लागते, हे त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. बंद वाटा नसलेल्या चित्रांपुरतं, म्हणजे गणितवाले ज्यांना ट्री म्हणतात त्यांच्यापुरतं, तेच विधान टिकतं का बघ, म्हणाले. टिकलं. कमिटीपुढे तिने तेवढंच मांडलं. एकाने विचारलं, मूळ प्रश्नाचं काय? “अडलाय,” म्हणाली. एसआरएफ झाली.

मूळ प्रश्न अजून अडलेलाच आहे. झोप बरीच सुधारलीय, सेमिनारच्या आदल्या रात्री तुटते.

चवथीनंतर तिचा फोन आला. पुढच्या भेटीची वेळ हवी असेल असं वाटलं. तसं नव्हतं.

“मॅडम, ते तुमचं लाइट बिल... टाकलं नाही ना? त्याच्या मागे मी एक चित्र काढलं होतं.”

फाइलमध्ये होतं. दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवला.