विहिरीतलं फ्लोराइड आणि ट्यूबमधलं

“फ्लोराइडची पेस्ट विषारी असते ना हो?” साठीपुढची मंडळी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात, की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. माझी एक मैत्रीण दातांची डॉक्टर आहे. सांगितलेलं न ऐकणारे पेशंट ती माझ्याकडे धाडते.

त्यांतल्याच या एक बाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, माहेर यवतमाळकडचं. हिरड्या उतरल्यामुळे मुळं उघडी पडलेली आणि त्यांवर तीन जागी मऊ कीड. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, म्हणून दिवसभर खडीसाखर तोंडात. मुळावर इनॅमलचं कवच नसतं, त्यामुळे इनॅमलला पचेल इतक्या सौम्य आम्लातही ते झिजतं. फ्लोराइड असलं की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या मऊ जागी परत बसू लागतं. डॉक्टरांनी हे सगळं समजावलं होतं. तरी पेस्ट कपाटात आणि दात घासणं बाभळीच्या पावडरीने.

“आमच्या गावातल्या वाकलेल्या पायांची माणसं मी पाहिलीत,” त्या म्हणाल्या. “विहिरीतल्या फ्लोराइडनंच ना?”

हो, त्यानंच. इथे बरेचजण ‘उगाच घाबरू नका’ म्हणतात आणि माणूस गमावतात. भीतीला पुरावा असेल तर तो आधी मान्य करावा, मगच त्यातून काढलेला निष्कर्ष तपासावा. माझी सगळी पद्धत एवढीच.

मी कागद पुढे केला. “बाई, गणित तुम्हीच मांडा. लिटरला चार मिलिग्रॅमची विहीर, दिवसाला तीन लिटर पाणी.”

“बारा मिलिग्रॅम. रोज. लहानपणापासून.”

“१००० पीपीएमची पेस्ट, म्हणजे ग्रॅमला एक मिलिग्रॅम फ्लोराइड. एका वेळी फार तर एक ग्रॅम.”

“एक मिलिग्रॅम.” पेन थांबलं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “आणि ती आपण थुंकतो. पाणी गिळत होतो.”

मी गप्प राहिले. हे वाक्य मी उच्चारलं असतं तर तो सल्ला झाला असता. त्यांनी उच्चारलं म्हणून पेस्ट कपाटातून बाहेर आली. (वीस वर्षांच्या कामात मला जमलेली ही एक गोष्ट: वेळेवर गप्प बसणं.)

मग पुढचं सोपं होतं. ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का ते बघायचं, कारण बऱ्याच वनौषधी पेस्टमध्ये ते नसतं. मऊ ब्रश, दोन वेळा, रात्रीची चुकवायची नाही. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत. नाहीतर पेस्ट कामाला लागण्याआधीच मोरीत जाते. नातवंडांना मात्र ती गिळू द्यायची नाही. कीड खोल गेली असेल तर पेस्टने भागत नाही, दात भरावाच लागतो.

चार महिन्यांनी फोन आला. “डाग काळाच आहे हो. पण डॉक्टरांनी सळई फिरवली तर कडक लागला. म्हणाल्या, थांबलीय कीड.” तीनपैकी दोन जागा थांबल्या होत्या, तिसरी भरावी लागली.

खडीसाखर अजून सुटलेली नाही. त्यासाठी पुढच्या मंगळवारी येणार आहेत.