समाजकार्याच्या अभ्यासक्रमात दमनविरोधी कार्यपद्धतीचा एक स्वतंत्र विषय ठेवणे पुरेसे आहे का?

नाही, स्वतंत्र विषय उपयुक्त असला तरी तेवढ्याने भागत नाही, कारण दमनविरोधी कार्यपद्धती (समाजातील आणि स्वतःच्या कामातील दमन व भेदभाव ओळखून ते कमी करण्याची रीत) हा जितका अध्यापनाचा, तितकाच शिक्षणसंस्था चालवण्याच्या रीतीचा प्रश्न आहे. ब्रिटिश समाजकार्य-अभ्यासक नील थॉम्पसन यांच्या सुपरिचित प्रारूपानुसार भेदभाव व्यक्तिगत, सांस्कृतिक आणि संरचनात्मक अशा तीन स्तरांवर घडतो. वर्गातील चर्चेतून विद्यार्थ्याचे व्यक्तिगत पूर्वग्रह आणि फार तर काही सांस्कृतिक गृहीतके तपासली जातात. संरचनात्मक स्तर मात्र प्रवेशाचे निकष, नेमणुका आणि विशेषतः क्षेत्रकार्य (विद्यार्थ्याने संस्थेत प्रत्यक्ष काम करून घ्यायचे प्रशिक्षण) यांत दडलेला असतो. क्षेत्रकार्यात जो पर्यवेक्षक विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतो, त्याच्याच वागणुकीविरुद्ध तक्रार करायची असेल आणि त्यासाठी स्वतंत्र, सुरक्षित मार्ग उपलब्ध नसेल, तर सत्तासंबंधांविषयी वर्गात शिकवलेले सारे तिथेच पोकळ ठरते. म्हणूनच समतेचे नेतृत्व म्हणजे धोरणपत्रक काढणे नव्हे (तशी पत्रके बहुतेक ठिकाणी असतातच), तर निर्णय कोण घेतो, हे बदलणे होय. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनांनी स्वीकारलेल्या २०१४ च्या जागतिक व्याख्येत सक्षमीकरणासोबत ‘मुक्ती’चाही उल्लेख आहे, त्यामुळे ही अपेक्षा व्यवसायाबाहेरून लादलेली म्हणता येत नाही.

तथापि, स्वतंत्र विषय काढून टाकून तो आशय ‘सर्व विषयांत मिसळला आहे’ असे म्हणणेही धोक्याचे आहे, कारण जबाबदारी नेमून दिली नाही तर तो कोणीच शिकवत नाही.