पहिला पक्षी घेताय? आधी स्वभाव बघा

भाऊ, जळगावच्या बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे हिरवे-पिवळे पक्षी दाखवतात, ते बहुतेक वेळा बजी, म्हणजे बजरिगार नावाचे छोटे ऑस्ट्रेलियन पोपट असतात. चूक खरी, पण तुमच्या फायद्याची. खरा आफ्रिकन लव्हबर्ड दिसायला गोड आणि चावायला पक्का. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. बजी दिवसभर किलबिलतो, जोडीत रमतो, नवख्याच्या चुकाही पोटात घालतो.

माझा जीव मात्र कॉकाटीलवर, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटावर. त्याचा तुरा वाचायला शिका. ताठ उभा म्हणजे दचकलाय, थोडा मागे कललेला म्हणजे निवांत. डोक्याला चिकटवून फिस्स केलं, की हात मागे घ्या. रात्री अंधारात घाबरून पिंजराभर आपटतो, तेव्हा बारीक दिवा राहू द्या. फिंच, म्हणजे दाणे टिपणारे चिमुकले पक्षी, फक्त बघायचे, हाताळायचे नाहीत.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ गाठतो. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब दिसले, की पिंजरा लगेच गारव्याला न्या. कूलरच्या थेट झोतात नको.

आणि कुणी मिठू आणून दिला तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं देशी पोपट पाळणं गुन्हा आहे.