बायबलमध्ये थेट आज्ञा नसताना तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा का द्यायचा? सासरे म्हणतात, मुलगी कळती झाल्यावर द्या.

थेट आज्ञा नाही, खरं आहे. पण विश्वासणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या मुलाला थांबवून ठेवलं आणि मोठेपणी बाप्तिस्मा दिला, असं एकही उदाहरण नव्या करारात नाही. हे तुमचे सासरे सांगणार नाहीत.

आमच्या घरात यावरून मोठं भांडण झालंय, म्हणून लिहितोय. आम्ही अहमदनगरचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. धाकटा भाऊ पुण्याला एका नव्या मंडळीत जायला लागला आणि तिथे त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तिथवर ठीक होतं. पण नाताळला घरी आला तो आईच्याच मागे लागला, की तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही, तुला तेव्हा काय कळत होतं? आई सत्तरीची. जन्मभर रविवारची उपासना चुकवली नाही, संडे स्कूलच्या किती पोरांकडून वचनं पाठ करून घेतली. तिने पत्र्याची पेटी उघडून बाप्तिस्म्याचा दाखला काढला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. आईवडिलांच्या नावांवर बोट ठेवून म्हणाली, "यांनी देवासमोर शब्द दिला आणि पाळला. तो आता धरायचा नाही का?" भाऊ म्हणाला, "आई, तारण ज्याचं त्याचं असतं." आणि त्या दिवशी न जेवता निघून गेला.

ज्याचं त्याचं असतं, मान्य. पण देवाने अब्राहामाशी करार केला तेव्हा त्याची खूण, म्हणजे सुंता, आठ दिवसांच्या बाळालाही द्यायला सांगितली (उत्पत्ती 17). अब्राहामाच्या मुलाला, इसहाकाला, कोणी विचारलं होतं? पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषित पेत्र यहुद्यांनाच सांगतो की हे वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. पिढ्यानपिढ्या करारात धरलेली मुलं ख्रिस्त आल्यावर बाहेर काढली असती, तर त्या लोकांनी आकाशपाताळ एक केलं असतं. सुंतेवरून केवढा वाद पेटला ते प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये वाचा. मुलांना वगळल्याची एक तक्रार तिथे सापडत नाही.

नव्या करारात लुदिया, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी, करिंथचा स्तेफन यांच्या घराण्यांचाही बाप्तिस्मा झाला; त्यांत तान्ही मुलं होती, असं लिहिलेलं नाही. पण इ.स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका म्हणतो, म्हणजे तेव्हा तो दिला जात होताच. आणि 253 च्या सुमारास तिथल्याच कार्थेज शहराचा बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या बिशपांपुढे प्रश्न आला तो एवढाच, की आठव्या दिवसापर्यंत थांबायचं का? नको, असं त्यांनी ठरवलं.

घराणं म्हणजे मोठ्यांवर जबरदस्ती, असंही नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, स्वतःचं मन झाल्यावर. मोठ्या माणसाने स्वतः ठरवावं. तान्ह्याचं सगळंच आईबाप ठरवतात, मग देवाच्याच बाबतीत हात आखडता का?

थांबणं पाप आहे असं मी म्हणत नाही. 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्यात कळत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही आले, आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुसायला कोणी आलं तर ऐकू नका. इफिसकरांस पत्रात 'एकच बाप्तिस्मा' म्हटलंय.

मात्र तुम्ही दोघं स्वतः उपासनेला जात नसाल आणि नुसतं फोटो-जेवण करायचं असेल, तर सासऱ्यांचंच ऐका. मुलीला प्रभूच्या शिक्षणात वाढवाल का, असं पाळकसाहेब भर मंडळीत विचारतील, तेव्हा 'हो' मनापासून यायला हवं. पुढे दृढीकरणाच्या वेळी तीच कबुली मुलगी स्वतःच्या तोंडाने देईल. आईने दिली होती. भावानेही दिली होती, कळत्या वयात, माझ्या शेजारी उभं राहून. ती का धरायची नाही, याचं उत्तर त्याने मला अजून दिलेलं नाही.